ईद-ए-मिलादची सुट्टी नक्की कधी? मुंबईतल्या बदललेल्या तारखेबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी ऑफिसात हजेरी आणि पगाराचं काम बघते, माहेर खेडकडचं कोकणी मुस्लिम, राहते मुंबईत. त्यामुळे गणपती आले की मला दोन्हीकडून फोन येतात, ऑफिसातले विचारतात सुट्टी कधी आणि नातेवाईक विचारतात जुलूस, म्हणजे मिलादची मिरवणूक, कधी. तीन वर्षं तेच प्रश्न आले म्हणून शेवटी सगळं एका जागी लिहून ठेवतेय.

२०२५ ला मुंबईत ५ सप्टेंबरची सुट्टी ८ तारखेला का गेली?

५ सप्टेंबरला शुक्रवारी ईद-ए-मिलाद (पैगंबर जयंती) होती आणि ६ ला शनिवारी अनंत चतुर्दशी. म्हणजे एका दिवशी जुलूस आणि लगेच दुसऱ्या दिवशी विसर्जन, आणि रस्ते तेच. लालबागच्या राजाची मिरवणूक भायखळा, नागपाडा, दोन टाकी अशी जाते, आणि मिलादच्या जुलूसची गर्दी पण ह्याच पट्ट्यात, मोठा जुलूस जिथून निघतो ते खिलाफत हाऊस भायखळ्यातच आहे. विसर्जनाची तयारी आदल्या दिवसापासून सुरू होते, बॅरिकेड लागतात, पोलिसांच्या रजा आधीच रद्द असतात. म्हणून जुलूस ८ ला काढायचं ठरलं आणि सरकारनं मुंबई शहर आणि मुंबई उपनगर ह्या दोन जिल्ह्यांसाठी सुट्टी पण ८ ला, सोमवारी नेली. बाकी महाराष्ट्रात ५ तारीखच राहिली.

म्हणजे सणच पुढे ढकलला का?

नाही, आणि हा फरक सगळ्यांनी समजून घ्यावा असं मला मनापासून वाटतं. मिलाद तिच्या ठरलेल्या तारखेला, म्हणजे मुस्लिम (हिजरी) कॅलेंडरच्या १२ रबी-उल-अव्वललाच झाली. घरात फातेहा झाली, मशिदीत दरूद-सलाम (पैगंबरांसाठीची दुआ) झाला, गल्लीत रोषणाई होती. पुढे गेला तो फक्त जुलूस. रमजान ईद आणि बकरी ईदची नमाज तारखेला बांधलेली असते, ती आपल्या मर्जीनं चार दिवस पुढे नेता येत नाही. जुलूसचं तसं नाही, तो आनंद व्यक्त करायची पद्धत आहे (काही मुस्लिम जमाती तर जुलूस काढतच नाहीत, त्यांचा दृष्टिकोन वेगळा आहे), त्यामुळे तिथे सवड काढता आली. आणि सुट्टी जुलूसच्या मागून गेली.

हे सरकारनं लादलं की समाजानं स्वतः ठरवलं?

पुढाकार समाजाचा. २०२३ ला तर दोन्ही एकाच दिवशी आले होते, २८ सप्टेंबर, गुरुवार. तेव्हा मुंबईतल्या मुस्लिम संघटनांनी बसून ठरवलं की जुलूस २९ ला काढू, आणि मग सरकारकडे मागणी गेली की लोकांना येता यावं म्हणून २९ ची सुट्टी द्या. सरकारनं ती दिली. २०२४ ला ईद १६ सप्टेंबरला आणि अनंत चतुर्दशी १७ ला, तेव्हा मुंबईची सुट्टी १८ ला गेली. २०२५ चं वर सांगितलंच.

मला हे लिहिताना अजूनही भरून येतं. खिलाफत हाऊसच्या जुलूसला शंभर वर्षांची परंपरा आहे, खिलाफत चळवळीच्या काळापासूनची, आणि त्याची तारीख सोडणं ही छोटी गोष्ट नाही. माझे मामा दरवर्षी त्या दिवशी पहाटे अत्तर लावून तयार बसायचे. ह्या तीन वर्षांत त्यांनी ‘आपण का म्हणून’ असं एकदाही म्हटलं नाही, ते एवढंच म्हणायचे की बाप्पा वर्षातून एकदा जातो, त्याला रस्ता मोकळा पाहिजे.

पण हे दोन सण सारखे सारखे एकत्र का येत होते?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न, कारण उत्तर आपल्या घरच्या कॅलेंडरवरच आहे.

हिजरी महिना चंद्राचा आणि आपला मराठी महिना पण चंद्राचाच. अमावस्येनंतर पहिली कोर दिसली की हिजरी महिना सुरू. ती कोर साधारण प्रतिपदा-द्वितीयेच्या संध्याकाळी दिसते, म्हणून हिजरी तारीख तिथीच्या एक-दोन दिवस मागे चालते. आता जोड्या लावून बघा. १० तारीख म्हणजे जवळपास एकादशी. १२ तारीख म्हणजे त्रयोदशी-चतुर्दशी. १ तारीख म्हणजे द्वितीया-तृतीया. म्हणून मिलाद (१२ तारीख) भाद्रपदात आली की ती अनंत चतुर्दशीला चिकटणार. बकरी ईद आणि मोहरमचा आशुरा दोन्ही १० तारखेला, ते आषाढात आले की आषाढी एकादशीवर येणार. आणि तसंच झालं की, २९ जून २०२३ ला आषाढी आणि बकरी ईद एकाच दिवशी, १७ जुलै २०२४ ला आषाढी आणि मोहरम एकाच दिवशी, ६ जुलै २०२५ ला रविवारी परत आषाढी आणि मोहरम. रमजान ईद १ शव्वालची (रमजाननंतरचा महिना), त्यामुळे चैत्रात आली की पाडव्याच्या पाठोपाठ, २०२४ ला पाडवा ९ एप्रिल आणि ईद ११, २०२५ ला पाडवा ३० मार्च आणि दुसऱ्याच दिवशी ईद.

मग कायमच का नाही? कारण आपल्याकडे साधारण दोन वर्षं आठ महिन्यांनी अधिक महिना येतो आणि चांद्र वर्ष परत ऋतूंच्या जागेवर आणलं जातं. हिजरीत अधिक महिना नाही, वर्ष ३५४-३५५ दिवसांचंच, ते दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकत राहतं. त्यामुळे जोडी जमली की दोन-तीन वर्षं टिकते आणि अधिक महिना आला की एक घर सरकते. २०२३ ला अधिक श्रावण आला, त्याच्या आधी आषाढ आणि जिल्हिज (बकरी ईदचा महिना) बरोबर होते, नंतर आषाढ आणि मोहरम. २०१५ ते २०१७ गणपतीत बकरी ईद होती, २०१८ ते २०२० गणपतीत मोहरम, आणि २०२३ ते २०२५ मिलाद. हे कुणाचं कारस्थान नाही, कुणी मुद्दाम तारखा लावत नाही, दोन्ही घरं एकाच चंद्राकडे बघतात म्हणून होतं.

सुट्टी कोण ठरवतं?

राज्य सरकारचा सामान्य प्रशासन विभाग. दरवर्षी वर्ष सुरू व्हायच्या आधीच पुढच्या वर्षाची सार्वजनिक सुट्ट्यांची अधिसूचना निघते, दोन डझनच्या आसपास सुट्ट्या असतात. त्याला आधार आहे १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम २५ चा, हा मुळात हुंडी आणि चेकचा कायदा, चेक वटवायचा दिवस सुट्टीचा असेल तर काय करायचं ह्यासाठी ‘सार्वजनिक सुट्टी’ म्हणजे काय हे त्यात ठरवलेलं आहे. अधिकार मूळ केंद्राचा, तो राज्यांना सोपवलेला. महाराष्ट्राच्या यादीत मुस्लिम सण चार: रमजान ईद, बकरी ईद, मोहरम आणि ईद-ए-मिलाद. शबे-बरात, शबे-कद्र ह्या इबादतीच्या रात्री वगैरे नाहीत, त्यासाठी रजाच टाकावी लागते.

मग मुंबईत एक आणि पुण्यात वेगळी सुट्टी, हे कसं चालतं?

सुट्टी बदलायचा आदेश ठरावीक जिल्ह्यांपुरता काढता येतो. २०२४ ला मुंबईची १८ तारीख ठरवताना बाकी जिल्ह्यांत जिल्हाधिकाऱ्यांनी स्थानिक परिस्थिती बघून निर्णय घ्यावा असंच सांगितलं होतं, आणि ते मला योग्य वाटलं, कारण ज्या गावात विसर्जन आणि जुलूस एकमेकांच्या वाटेत येतच नाहीत तिथे तारीख हलवायची गरज काय?

शिवाय ‘स्थानिक सुट्टी’ नावाचा वेगळा प्रकार आहे. जिल्हाधिकारी वर्षात तीन अशा सुट्ट्या देऊ शकतात, गावच्या जत्रेला वगैरे मिळते ती. मुंबईत अनंत चतुर्दशीची सुट्टी ह्याच प्रकारातली. पण लक्षात ठेवा, स्थानिक सुट्टी बँका, कोर्ट आणि केंद्र सरकारच्या ऑफिसांना लागू होत नाही, आदेशातच तसं लिहिलेलं असतं. ईद-ए-मिलाद मात्र मुख्य यादीतली आहे.

बँक आणि शेअर बाजाराचं काय?

बँका राज्याच्या अधिसूचनेप्रमाणे चालतात. २०२५ ला तारीख बदलल्यावर रिझर्व्ह बँकेनं सुद्धा सरकारी रोखे, परकीय चलन आणि मनी मार्केटची सुट्टी ५ वरून ८ सप्टेंबरला नेली, आता विचार करा, भायखळ्याच्या जुलूसची तारीख बदलली आणि देशाचा पैशाचा बाजार त्याप्रमाणे हलला. शेअर बाजार दोन्ही दिवस चालू होता, त्यांची यादी वेगळी.

मी केंद्र सरकारच्या ऑफिसात आहे, मला कुठली तारीख?

तुमच्याकडे चारही मुस्लिम सण सक्तीच्या सुट्ट्यांत आहेत. चंद्रावर अवलंबून तारीख बदलली तर दिल्लीत केंद्राचं कार्मिक खातं सांगतं, आणि दिल्लीबाहेर राज्याच्या राजधानीतली केंद्रीय कर्मचारी कल्याण समन्वय समिती राज्य सरकारचा निर्णय बघून बदल करते. एक चांगली तरतूद आहे, ऐनवेळी बदल झाला तर टीव्ही, रेडिओ किंवा पेपरातली घोषणा ऐकून ऑफिसप्रमुखानं सुट्टी द्यायची, कागद हातात यायची वाट बघायची नाही. ह्याशिवाय वर्षाला दोन ऐच्छिक सुट्ट्या, त्यांच्या यादीत जमात-उल-विदा म्हणजे रमजानचा शेवटचा शुक्रवार असतो.

खासगी कंपनीत असेन तर?

सरकारी यादी तुमच्या मालकाला आपोआप लागू होत नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यात वीस किंवा जास्त (२०२५ च्या दुरुस्तीआधी दहा) कामगार असलेल्या ठिकाणी वर्षाला आठ भरपगारी सुट्ट्या आहेत: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि उरलेल्या चार मालक आणि कामगारांनी वर्ष सुरू व्हायच्या आधी आपसात ठरवायच्या. त्या चारमध्ये ईद यावी असं वाटत असेल तर डिसेंबरात बोला, ईदच्या आदल्या दिवशी नाही. बहुतेक ठिकाणी कुणी मागतच नाही म्हणून ती यादीत नसते. मी एका जुन्या नोकरीत सहा वर्षं ईदला कॅज्युअल लीव्ह टाकत होते आणि सातव्या वर्षी सहज विचारलं तर पुढच्या यादीत ईद आली.

मिलादची सुट्टी आहे तरी कधीपासून?

केंद्राच्या पातळीवर १९९० पासून. पंतप्रधान विश्वनाथ प्रताप सिंह ह्यांनी १५ ऑगस्ट १९९० ला लाल किल्ल्यावरच्या भाषणात पैगंबर जयंतीच्या सुट्टीची घोषणा केली. दोन्ही ईद आणि मोहरम त्याच्या आधीपासून यादीत होते.

चंद्र दिसला नाही तर सरकारी तारीख चुकते का?

चुकत नाही, यादीतली तारीख अंदाजाची असते आणि सरकारला पण ते माहीत असतं. २०२३ ला बकरी ईदची सुट्टी आधी २८ जूनला होती, चंद्राप्रमाणे ईद २९ ला ठरली तशी सुट्टी पण २९ ला केली. महिना २९ चा की ३० चा हे त्या संध्याकाळीच कळतं, हिलाल कमिटीकडे (चंद्रदर्शन ठरवणारी समिती) साक्षी येतात, मग घोषणा होते. आणि सगळीकडे एकच दिवस असेल असंही नाही. एप्रिल २०२४ ला केरळात ईद १० ला आणि आपल्याकडे ११ ला झाली. मुंबईतले दाऊदी बोहरा तर गणितानं आखलेलं कॅलेंडर पाळतात त्यामुळे त्यांची ईद बहुतेक वेळा एक-दोन दिवस आधी होते आणि त्या दिवशी सरकारी सुट्टी नसते. तुमच्या ऑफिसात बोहरा सहकारी असतील तर त्यांची रजा अडवू नका, एवढंच सांगते.

एका समाजासाठी एवढं कशाला?

हा प्रश्न रागानं विचारला जातो, पण मी शांतपणे उत्तर देते. महाराष्ट्राच्या यादीत महावीर जयंती आहे, बुद्ध पौर्णिमा आहे, गुरुनानक जयंती आहे, गुड फ्रायडे आणि ख्रिसमस आहे. पारशी नववर्ष पण आहे, आणि पारशी लोक राज्यात किती उरलेत ते सगळ्यांना ठाऊक आहे. संख्या बघून यादी केली असती तर ते कधीच गळले असते. ते नाव यादीत आहे म्हणून तर आमच्या ऑफिसातल्या सगळ्यांना पारशी नववर्ष माहीत झालं. एखाद्या मुलाला शाळेच्या डायरीत आपल्या घरचा सण छापलेला दिसतो तेव्हा त्याला काय वाटतं हे मी माझ्या मुलीच्या चेहऱ्यावर बघितलंय, तिनं त्या ओळीवर हिरव्या पेननं चांद काढला होता.

सुट्टी मिळाली म्हणजे सणाला मान्यता मिळाली, असं समजायचं का?

अर्धी. उरलेली अर्धी गाव देतं, आणि महाराष्ट्रातली गावं ह्यात सरकारच्या फार पुढे आहेत.

सांगली जिल्ह्यातलं कडेगाव घ्या. तिथले मोहरमचे ताबूत इतके उंच असतात की लोक त्यांना गगनचुंबीच म्हणतात, आणि त्यातल्या काहींचा मान हिंदू घराण्यांकडे आहे. ताबुतांच्या भेटी होतात तेव्हा बघायला आसपासच्या गावांतून माणसं येतात. त्याच जिल्ह्यात वाळवा तालुक्यात गोटखिंडी, तिथे गणपती मशिदीत बसतो. एका वर्षी पावसात मूर्ती भिजायला लागली म्हणून आत घेतली, आणि १९८० पासून ती मशिदीतच बसते. बकरी ईद गणपतीत आली त्या वर्षी तिथल्या मुस्लिमांनी नमाज पढली पण कुर्बानी केली नाही. कोल्हापूरकडे कुरुंदवाडला एक नाही, अनेक मशिदींत गणपती बसतो, आणि मोहरम गणपतीत आला तेव्हा पंजे (मोहरमची निशाणं) आणि गणपती एकाच छताखाली होते. ह्या गावांना कुणी आदेश काढला नव्हता.

आणि २९ जून २०२३? आषाढीला पंढरपुरात आणि राज्यातल्या बऱ्याच गावांत मुस्लिमांनी त्या दिवशी कुर्बानी न करायचं ठरवलं. कुर्बानीला १०, ११, १२ असे तीन दिवस असतात, म्हणून दुसऱ्या दिवशी करता आली, श्रद्धेला पण धक्का नाही आणि वारकऱ्यांच्या मनाला पण नाही. आमच्या आजोळी मोहरमला पीर (पंजा) बसायचा तेव्हा त्याची सवारी धरणारा माणूस कुणबी होता, नवसाची मुलं मोहरमपुरती फकीर व्हायची त्यात निम्मी हिंदू घरातली, आणि चोंगे-मलिद्याचा गोड प्रसाद सगळ्या वाडीत जायचा. मला लहानपणी वाटायचं मोहरम हा वाडीचाच सण आहे.

जुलूसमध्ये डीजे आणि लेझर चालतात का?

नियम सगळ्यांना सारखे. सप्टेंबर २०२४ ला मुंबई हायकोर्टासमोर मिलादच्या जुलूसमधल्या डीजे-लेझरचा विषय आला तेव्हा कोर्टानं हेच म्हटलं की गणेशोत्सवात जे घातक ते ईदलाही घातकच. माझं पण तेच मत आहे. दरूद ऐकायचा असतो, छातीत धडधड करायची नसते.

बाहेरच्या देशांत असं काही आहे का?

आहे, आणि एक उदाहरण तर आपल्या माणसांचं. मॉरिशसमध्ये ईद-उल-फित्रची राष्ट्रीय सुट्टी आहे आणि गणेश चतुर्थीची पण, तिथले मराठी लोक दीड-दोनशे वर्षांपूर्वी गेलेल्यांचे वंशज. चिनी नववर्ष, तमिळ लोकांची कावडी, महाशिवरात्र, ख्रिसमस सगळं एकाच छोट्या बेटाच्या यादीत, आणि ईदची तारीख तिथेही चंद्र बघूनच पक्की करतात.

सरकारकडून अजून काय पाहिजे?

एकच, बदल लवकर सांगा. अनंत चतुर्दशी आणि मिलाद जवळ येणार हे पंचांगात वर्षभर आधी दिसतं, चंद्रामुळे फरक पडला तर एका दिवसाचा. तरी बदललेल्या तारखेचा आदेश अगदी सणाच्या तोंडावर निघतो. मग शाळांच्या परीक्षा अडकतात, रोजंदारीवरच्या माणसाला कळत नाही की खाडा कुठल्या दिवशी करायचा, गावाहून येणाऱ्यांची तिकिटं वाया जातात. समाज आपली तारीख मोकळ्या मनानं सोडतो तर निदान महिनाभर आधी कागद हातात द्यावा, ही काही फार मोठी मागणी नाही.

आता पुढची गाठ कधी?

२०२६ ला अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे मिलाद ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात नारळी पौर्णिमेच्या जवळ आणि अनंत चतुर्दशी २५ सप्टेंबरला. म्हणजे मुंबईत हा प्रश्न सुटला. मिलाद परत भाद्रपदात यायला साधारण ३२-३३ वर्षांचं चक्र फिरावं लागतं, तेव्हा माझी मुलगी माझ्याएवढी असेल. त्याच्या आधी दुसऱ्या जोड्या येतील, २०२७ ला रमजान ईद महाशिवरात्रीनंतर चार-पाच दिवसांत आहे.

मुंबईतल्या मित्राला मुबारकबाद ५ ला द्यायची होती की ८ ला?

माझ्या मजल्यावरच्या काकूंनी ५ ला सकाळी दार वाजवून दिली आणि उकडीचे मोदक ठेवून गेल्या. ८ ला जुलूस बघायला माझ्याबरोबर आल्या तेव्हा परत दिली. दोन्ही दिवस चालतं.